दम कुठं जातो

आमच्या गॅरेजच्या मागच्या फळीवर एक जुना सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारं यंत्र. वर्षभर फडक्यात गुंडाळलेला असतो. खंडेनवमीला खाली निघतो, पुसला जातो, हळदकुंकू लागून परत वर जातो. नवीन पोरगं कामाला लागलं की महिन्याभरात विचारतंच, "मालक, हे भंगारात टाकायचं का?" मी नको म्हणतो. का नको, ते बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या एप्रिलमध्ये बार्शीहून एक निवृत्त प्राध्यापक गाडी घेऊन आले. परदेशी बनावटीची, चार सिलिंडरची, १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि त्यावर पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर. अशा गाड्या सोलापुरात मोजक्याच. सरांची तक्रार एका वाक्याची होती. "पिकअप गेलाय. सपाटीला कळत नाही, चढ आला की दम टाकते." मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. बाहेरगावच्या एका वर्कशॉपनं लिहून दिलेला. बूस्ट कमी, सुपरचार्जर बदलावा लागेल, आणि खाली एक आकडा. गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून मोठा. सर म्हणाले, "गाडी काढून टाकू का, एवढंच सांगा. उगीच आशा लावू नका."

मी कागद वाचला आणि माझी नजर आपोआप मागच्या फळीवर गेली.

बूस्ट म्हणजे काय हे आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं, आणि बोनेट उघडलं की सगळे विसरतात. साधं इंजिन हवा ओढून घेतं. पिस्टन खाली गेला की आत जागा होते आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबानं शिरते. सुपरचार्जर असला की हवेच्या मर्जीवर काही ठेवत नाहीत, ती कोंबतात. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून पट्टा येतो, ब्लोअरची, म्हणजे सुपरचार्जरचीच, पुली फिरवतो. आत दोन रोटर एकमेकांच्या खाचांतून, पण एकमेकांना न शिवता फिरतात आणि दर फेऱ्याला ठरलेलं माप हवा पुढं ढकलतात. जुन्या किराणा दुकानात पायलीनं ज्वारी मोजून टाकायचे, तसं. या जातीतला एक नेहमीचा ब्लोअर एका फेऱ्यात ४५ घन इंच हवा टाकतो, म्हणजे पाऊण लिटरला थोडी कमी. १.८ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, म्हणजे एका फेऱ्याला ०.९ लिटर. ब्लोअर इंजिनाच्या दुप्पट वेगानं फिरतोय असं धरलं तर एका फेऱ्याला जवळजवळ दीड लिटर हवा येते आणि गिळायला जागा ०.९ लिटरची. उरलेली हवा तिथंच दाटते. त्या दाटीला आपण बूस्ट म्हणतो.

म्हणजे गेजवरचा आकडा एकट्या ब्लोअरचा कधीच नसतो. ब्लोअरनं पाठवलं किती, वाटेत सांडलं किती, इंजिनानं गिळलं किती, या सगळ्यांची वजाबाकी होऊन जे उरतं ते तिथं दिसतं.

सोलापुरात राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडं नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी यायची सवय पिढ्यांना झालीय. पाणी सुटलं की गल्लीतले सगळे नळ एकदम उघडतात आणि शेवटच्या घरात करंगळीएवढी धार पडते. त्या घरातली माउली म्हणते, "प्रेशरच नाही ओ आज." टाकीतून पाणी तर रोजच्याएवढंच निघालेलं असतं. वाटेत वाटलं गेलं, एखाद्या सुटलेल्या जोडातून गटारात गेलं. आणि उलटंही बघा. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार अंगणभर उडते. प्रेशर वाढलं, बादली मात्र उशिरा भरते.

गाडीतही हे दोन्ही होतं. एका पोरानं मोकळा एक्झॉस्ट बसवून घेतला आणि बूस्ट एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, टायरला असतं तेच) उतरला म्हणून घाबरून माझ्याकडं आला. गाडी आधीपेक्षा चांगली पळत होती. इंजिनाला श्वास सोडायला वाट मिळाली होती, म्हणून दाटी कमी झाली होती. दुसऱ्या एका गाडीत बूस्ट पुस्तकातल्यापेक्षा जास्त दिसत होता आणि गाडी बैलगाडीसारखी चालत होती. तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा, आतून चोंदलेला निघाला. म्हणून नुसतं "बूस्ट कमी" एवढं वाक्य कुणी लिहून दिलं की मला ते अर्धं वाटतं. हवा कमी आली, का आलेली हवा दुसरीकडं गेली? एवढं विचारल्याशिवाय पार्टचं नाव घेऊ नये. आज धंद्यात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य आहे, "बदलून बघू." बदलून बघण्याचा खर्च आपल्या खिशातून जात नाही, म्हणून ते इतकं सहज तोंडात येतं. मला ते आवडत नाही, आणि न आवडायचं कारण फळीवर आहे.

२०११ साली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक टॉवेल-चादरीचे कारखानदार माझ्याकडं गाडी घेऊन आले होते. त्यांना सगळे शेठ म्हणायचे, मीही शेठच म्हणायचो. बूस्ट निम्म्यावर आलेला. पट्टा ठीक, फिल्टर ठीक. मी आयटीआय करून आलेला, हाताखाली तीन पोरं, आपल्याला येतं हे दाखवायची घाई. म्हणालो, "शेठ, ब्लोअर गेला." मुंबईहून जुन्यातला चांगला ब्लोअर मागवला. बसवताना गॅस्केट नवीन घातली, पाईपचं रबर कडक झालेलं दिसलं म्हणून तोही बदलला, क्लॅम्प नवे टाकले. बूस्ट पूर्ण आला. शेठनी एक पैसा कमी न करता बिल दिलं, वर पोरांना पेढे दिले.

आठ दिवसांनी दुपारची सामसूम होती. काढलेला ब्लोअर दुकानातच पडला होता. तो नेमका कसा जातो हे बघावं म्हणून मी तो व्हाइसमध्ये धरला, पुलीच्या नटाला सॉकेट लावला, सॉकेट ड्रिल मशीनमध्ये अडकवला आणि फिरवला. आवाज स्वच्छ. बेअरिंगची घरघर नाही. हवा आत घेतो त्या तोंडासमोर पुठ्ठ्याचा तुकडा धरला, तर तो हातातून सुटून तोंडावर फट्कन बसला. मला वाटलं, योगायोग. परत धरला, परत बसला. मग उघडला. रोटरवरचा काळा लेप शाबूत, घासल्याची एक रेघ नाही. दोन रोटरमधली फट फीलर गेजनं मोजली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी.

मग मी मागच्या ढिगातून तो टाकून दिलेला पाईप शोधून काढला. वरून काहीच दिसत नव्हतं. खालच्या बाजूला, जिथं तो ब्रॅकेटवर टेकत होता, तिथं रबर घासून पातळ झालं होतं आणि त्यात नखाएवढी चीर होती. पाईप हातात धरला की चीर मिटलेली, शोधूनही सापडू नये अशी. दोन्ही टोकं धरून जरा वाकवला की ती माशाच्या तोंडासारखी उघडायची. गाडी उभी असताना बंद, दाब आला की उघडी. शेठच्या गाडीचा अर्धा दम त्या नखाएवढ्या चिरेतून जात होता. शेठनी पैसे दिले होते ब्लोअरचे. दुरुस्ती झाली होती रबराच्या पाईपमुळं, आणि तीही माझ्या नकळत.

मी शेठना सांगितलं नाही. ब्लोअर परत बंद करून फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवला.

तर सरांची गाडी. स्कॅनर लावला, चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही. मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपचा, प्रेशर सेन्सर ९६ किलोपास्कल दाब दाखवत होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. मुंबईत हवेचा दाब १०१ च्या आसपास असतो, आपल्याकडं ९५-९६. इंजिन बंद असताना सेन्सरला बाहेरची हवाच दिसते, तेव्हा हा आकडा गावाच्या उंचीशी जुळला म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सरांनी आणलेल्या कागदावर त्याचा मागमूस नव्हता. आणखी एक घोळ इथंच होतो. स्कॅनर बाहेरच्या हवेसकट पूर्ण दाब दाखवतो, डॅशबोर्डवरचं गेज फक्त वरचा भाग दाखवतं. दोघांची सरमिसळ करून घरी भांडणं लागतील इतके चुकीचे निष्कर्ष मी ऐकलेत.

तुळजापूर रोडला गाडी नेली. तिसरा गिअर, पूर्ण रेस. १४० च्या आसपास जायला हवं तिथं आकडा ११८ वर अडकला. म्हणजे बाहेरच्या हवेचे ९६ वजा केले तर ४४ किलोपास्कल, जवळपास साडेसहा पीएसआय बूस्ट हवा होता, मिळत होता २२. बरोबर निम्मा. पण तूट कुठं जास्त, कुठं कमी हे मी पोराला लिहून घ्यायला लावलं. अडीच हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) सगळ्यात जास्त तूट, पाच हजारला थोडी कमी. हे फार कामाचं असतं. पट्टा घसरत असेल तर उलटं होतं. खाली सगळं ठीक, आणि जोर वाढला की वर आकडा लोळतो. भोक असेल तर कमी आरपीएमला, हवाच कमी असते तेव्हा, भोकाचा वाटा मोठा पडतो. म्हणजे हवा येत होती. कुठंतरी जात होती.

तरी क्रम सोडला नाही. फिल्टरचा डबा उघडला, स्वच्छ. (मोहोळकडच्या एका गाडीत याच डब्यात उंदरानं उसाच्या पाचटाचं घरटं केलेलं सापडलं होतं, तेव्हापासून आधी तिथं बघतो.) पट्टा काढला तर आतून काचेसारखा चमकत होता, पुलीभोवती रबराची काळी भुकटी, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा स्प्रिंग थकलेला. दोन्ही बदलले. ११८ चे १२१ झाले. पोरगं हिरमुसलं. मी म्हणालो, तीन मिळाले, लिहून ठेव.

मग गळती. प्लंबिंगच्या दुकानातून आणलेली पीव्हीसीची एंड कॅप, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला. ही ब्लोअरच्या आधीच्या पाईपला लावायची आणि व्हॉल्व्हमधून हळूहळू हवा भरायची. पाच-सहा पीएसआय, त्यावर नाही. जास्त भरली तर क्रँकची ऑईल सीलं जायची भीती. थोडी हवा इंजिनाच्या आत उघड्या व्हॉल्व्हमधून जातच असते, तिचा आवाज वेगळा, पोटातून आल्यासारखा घुमतो. बाहेरच्या गळतीचा आवाज बारीक, दातातून सोडल्यासारखा. शेडमधला पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, सगळ्यांना गप्प बसवलं.

असं गप्प बसून ऐकायला मला वडिलांनी शिकवलं. वडील गिरणीत होते, आधी ब्लो रूमला, नंतर रिंग फ्रेमला. ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फोडून, झोडपून, हवेच्या झोतावर पुढं नेतात. कापूस पुढं जातो आणि बारीक धूळ माणसाच्या छातीत राहते. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर मशीनला टेकवून मूठ कानाला लावायची, ही त्यांची पद्धत. पाचवीत असताना त्यांनी माझ्याकडून घरच्या शिलाई मशीनला तसं ऐकवून घेतलं होतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीहून ते घरी आले की जिन्यात थांबायचे, कठड्याला हात लावून. बाकीच्या दिवशी इतकं नसायचं. आम्हाला वाटायचं, सुट्टीनं अंग जड होतं. कापसाच्या धुळीच्या आजाराची ती खूणच असते, हे फार उशिरा कळलं. शेवटी दवाखान्यात त्यांना नळीत फुंकायला लावलं, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर दोन आकडे दाखवले. एकूण हवा किती सोडली, आणि पहिल्या एका सेकंदात किती सोडली. पहिला आकडा वयाच्या मानानं फार वाईट नव्हता. दुसरा होता. डॉक्टर म्हणाले, "छातीत हवा आहे, पण वाट अरुंद झालीय." वडिलांनी घरी येताना रिक्षात मला विचारलं, "म्हणजे भाता चांगला आहे ना?" मी हो म्हणालो.

ज्या यंत्राबद्दल मी लिहितोय तेही गिरणीतूनच आलंय, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं आणि फार आनंद झाला. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. पाण्याच्या चाकाला काही चांगला पर्याय मिळतो का हे बघता बघता त्यांनी दोन गुंफलेले रोटर बनवले. पाण्यासाठी ते जमलं नाही, पण हवा ढकलायला उत्तम निघालं. १८६० मध्ये पेटंट झालं आणि यंत्र लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालू लागलं. मोटारीच्या इंजिनावर ते पुष्कळ नंतर चढलं. १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजनं सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या विक्रीसाठी मांडल्या. जर्मन त्याला कॉम्प्रेसर म्हणत. आज गाड्यांत येतात त्या रोटरना पीळ असतो, लेप असतो, पण मूळ युक्ती त्या दोन गिरणीवाल्या भावांचीच. ब्लोअर हातात घेतला की मला तो परका वाटत नाही, तो यामुळंसुद्धा असेल.

सरांच्या गाडीतला बारीक आवाज इंटरकूलरच्या, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, खालच्या जोडातून येत होता. शाम्पूचं पाणी मारलं, बुडबुडे फुगले. आतली ओ-रिंग चपटी झाली होती. ती बदलली. १२१ चे १२७ झाले. सर दोन दिवस बार्शीहून फोन करत होते आणि मी आकडे सांगत होतो. प्राध्यापकी केलेला माणूस, आकडा सांगितला की शांत व्हायचा.

परत हवा भरली. आता कुठंच आवाज नाही, एक बुडबुडा नाही, आणि १४० ला अजून तेरा कमी. इथं माणूस हरतो. सगळं बघून झालं, बाहेर काही गळत नाही, मग ब्लोअरच असणार, असं मन म्हणायला लागतं. पोरगंही म्हणालं, "मालक, ब्लोअरच हाय की ओ." खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं. ब्लोअर जातो, हे काही खोटं नाही. लेप घासतो, बेअरिंग बसतं, रोटरची फट वाढते. पण मग घरघर, रेघा, आतलं तेल काळं, अशी काहीतरी साक्ष सापडते. इथं एकही साक्ष नव्हती.

राहिली होती ती घरातल्या घरातली गळती. सुपरचार्जर पट्ट्यावर कायम फिरतो. सिग्नलला गाडी उभी असताना, नवी पेठेतून रांगत जाताना, त्या कोंबलेल्या हवेचा काही उपयोग नसतो. म्हणून ब्लोअरच्या पुढून मागं एक बायपास दिलेला असतो, त्यात झडप. हलक्या रेसला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो झडप उघडी धरतो, आणि हवा गोल फिरून परत ब्लोअरच्या तोंडाशी येते. पूर्ण रेस दिली की व्हॅक्यूम जातो, स्प्रिंग झडप मिटवतो, हवेला इंजिनाशिवाय वाट उरत नाही. ही झडप पूर्ण मिटली नाही तर? हवा पुढून जाऊन मागून परत येते, आणि दर फेरीला आणखी तापते. बाहेर थेंबभर गळत नाही. माझ्या कॅपच्या चाचणीत हे दिसणारच नव्हतं, कारण त्या वेळी झडपेच्या दोन्ही बाजूंना मी सारखाच दाब भरला होता. सरांचं "सपाटीला कळत नाही" हे वाक्यही तेव्हा मला नीट ऐकू आलं. हलक्या रेसला ती झडप उघडीच असायची असते. उघडी राहण्याचं दुखणं तेव्हा दिसणार कसं?

व्हॅक्यूमची नळी काढली, हातपंप लावला. झडप ओढणाऱ्या डबीतला पडदा शाबूत, व्हॅक्यूम धरून ठेवत होता. पंप सोडला. दांडी परत आली आणि स्टॉपवर टेकली. टेकल्यासारखी दिसली. मी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि दांडी आणि स्टॉपच्या मध्ये सरकवली. पट्टी बिनबोभाट आरपार गेली. दोन घड्या घालून सरकवली, तरी गेली. आरसा आणि बॅटरी घेऊन आत बघितलं तर झडपेच्या कडेला उजेडाची कोर दिसत होती, द्वितीयेच्या चंद्राएवढी. झडपेच्या दांड्याला तेलाची वाफ आणि धूळ मिळून काळं, चिवट लुकण झालं होतं. स्प्रिंग झडपेला जवळजवळ शेवटपर्यंत आणत होता आणि शेवटच्या तिळभर अंतराला लुकण तिला धरून ठेवत होतं.

कार्ब क्लीनर, जुना टूथब्रश आणि अर्धा तास. नवीन पार्ट काही नाही. बोटानं झडप उघडून सोडली तर टक् असा कोरडा आवाज आला. पट्टी परत मध्ये ठेवली आणि ओढली. फाटली, निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून घेतलं आणि संध्याकाळी तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन आलो. पहाटे किंवा संध्याकाळीच जायचं, हे एप्रिल-मे महिन्यांत पाळावं लागतं. दुपारच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत इंटरकूलर आणि पाईप नुसते तापून बसतात, गरम हवा विरळ असते, इंजिनाचा कॉम्प्युटर ठोके टाळायला स्पार्क मागं घेतो, आणि बूस्ट भरलेला असूनही गाडी मेल्यासारखी वाटते. मे महिन्यातल्या निम्म्या तक्रारी पावसाचा पहिला शिडकावा झाला की आपोआप मिटतात.

सपाटीला आकडा १४१ गेला. पोरानं मोठ्यानं वाचला. घाट चढताना तो १३८-१३९ वर आला, सर चपापले. मी वर गेल्यावर गाडी बंद करून चावी फिरवून दाखवली. बाहेरची हवाच आता ९४ होती. उंची वाढली, हवा विरळ झाली, वजाबाकी जवळपास तीच राहिली. सर काही बोलले नाहीत. खाली उतरताना आई भवानीच्या दिशेनं हात जोडले आणि मग इतकंच म्हणाले, "चढाला ती आता कण्हत नाही." बिल झालं पट्टा, टेन्शनर, एक ओ-रिंग आणि मजुरी. त्यांनी तो घडीचा कागद माझ्या टेबलावरच ठेवला. मी तो बिलाच्या फाइलला लावलाय.

त्या रात्री झोप लागली नाही. सरांचे पैसे वाचले याचा आनंद होता, पण ते वाचवायला मी जे शिकलो होतो त्याची फी दुसऱ्याच माणसानं भरली होती.

चार दिवसांनी मी अक्कलकोट रोडला गेलो. कारखाना आता शेठचा मुलगा बघतो, शेठ सकाळी तासभर येऊन बसतात. मागांच्या खडखडाटात काही बोलता येत नव्हतं, म्हणून बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. चीर, पाईप, ड्रिल मशीन, पुठ्ठा. ब्लोअरची २०११ मधली रक्कम पाकिटात घालून नेली होती, ती पुढं केली. मला वाटलं होतं ते नको नको म्हणतील, जुनं झालं म्हणतील. शेठनी पाकीट घेतलं, उघडून नोटा मोजल्या आणि खिशात ठेवल्या. मग म्हणाले, "ते मशीन ठेवलंय म्हणालास?"

"आहे की शेठ. फळीवर."

"दाखव."

तसेच माझ्या गाडीवर मागं बसून गॅरेजला आले, या वयात. मी फडकं सोडलं, ब्लोअर व्हाइसमध्ये धरला, पोरानं ड्रिल आणलं. शेठ हात पुढं करायला लागले, मी थांबवलं. "हात नको शेठ, आत रोटर फिरतात. हे घ्या." पुठ्ठ्याचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि ड्रिल दाबलं.

पुठ्ठा त्यांच्या बोटांतून सुटून तोंडावर फट्कन बसला. शेठनी दोन बोटांनी त्याची कड धरली, ओढून काढला, परत जवळ नेला. परत बसला. तिसऱ्यांदा त्यांनी तो नुसता समोर धरून ठेवला, सोडला नाही, आणि हवा त्याला कशी ओढते ते बघत राहिले.

"अरे," ते म्हणाले, "हे तर चांगलं चालतंय की."